शेपटीखालचा पिवळा रंग

पक्षी ओळखणे ही एके काळी माझी पगारी नोकरी होती, असे सांगितले की ऐकणारा आधी माझ्याकडे निरखून पाहतो आणि मग हसतो. त्या हसण्याचा मला राग येत नाही. ज्या मुलखात बहात्तरच्या दुष्काळात माणसांनी रस्त्यांवर खडी फोडून दिवस काढले, त्याच मुलखात थोड्याच वर्षांत सरकारने एका पदवीधराच्या गळ्यात दुर्बीण अडकवून त्याला पाखरांमागे हिंडायला लावावे, हे रुजू होताना मलाही विनोदीच वाटले होते. आता पंचावन्नी उलटली आहे. पुढे बढत्या मिळाल्या, बदल्या झाल्या, टेबलामागे बसून केस पांढरे झाले. त्यात सांगण्याजोगे फारसे काही नाही. सांगायचे आहे ते केदारखेड्याच्या शिवारातल्या त्या मोजक्या वर्षांविषयी.

काम काय होते ते आधी सांगतो. दुष्काळानंतर आमच्याकडे संकरित ज्वारी आली आणि तिच्यामागून तक्रारी आल्या. दाणा दुधात आला की थवे उतरत आणि शेतकरी म्हणत, पाखरे पीक खातात. पण ‘पाखरे’ नावाची एकच जात नसते. जे पाखरू माघात कणसावर बसलेले दिसते, तेच आषाढात पिलांसाठी अळ्या वेचत असते. त्याला शत्रू म्हणायचे की मित्र, हे एका हंगामावरून ठरवता येत नाही. म्हणून आमच्या योजनेने वर्षभर पाहायचे ठरवले: कोणते पाखरू, कोणत्या महिन्यात, काय खाते. अधूनमधून एखादे मारून त्याचे पोट उघडायचे आणि आत दाणे निघतात की किडे, हे बशीत मांडून बघायचे. हेही मी केले आहे. मुठीतले ऊबदार पाखरू थंड होताना त्याच्या डोळ्यांचा रंग सर्वांत आधी जातो. पुस्तकात हे लिहिलेले नव्हते.

नवखा माणूस रंग पाहतो आणि तिथेच फसतो, कारण रंग ऋतूचा असतो. आधी आकार पाहावा, बसण्याची ढब पाहावी, उडण्याची चाल, चोचीची जाडी. मग आवाज ऐकावा. रंगाला शेवटी विचारावे. विहिरीवरच्या बाभळीला खोपे विणणारा सुगरण नर पावसाळ्यात हळदीसारखा पिवळा असतो. सुगी सरली की तोच असा मातकट होतो की चिमण्यांच्या घोळक्यात टाकला तर सापडू नये. भारीट याच्या उलट. हा हिवाळ्याचा पाहुणा. दिवाळीच्या आगेमागे येतो, ज्वारीवर जगतो आणि उन्हाच्या तोंडी परत जातो. येतो तेव्हा नराच्या डोक्यावरच्या पिसांना राखट काठ असतात. ते काठ झिजत जातात आणि फाल्गुनात खालचे काळे डोके उघडे पडते. नवा रंग चढत नाही, वरचे झिजून आतले दिसू लागते. मादीला मात्र काळे डोके कधीच नसते. दुरून ती हुबेहूब हिवाळ्यातल्या सुगरणीसारखी मळकट दिसते. फरक एवढाच की तिच्या शेपटीखाली फिकट पिवळा रंग असतो, आणि तो ती पुढे वाकली तरच दिसतो.

हे सारे मी एकट्याने शिकलो नाही. उत्तमराव साळवे हे माझे जोडीदार होते. ते रोजंदारीवर होते आणि मी कायम होतो. ते माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठे, सातवीपर्यंत शिकलेले, गावाच्या बौद्ध वस्तीत राहणारे. त्यांना पाखरांचे उपजत ज्ञान होते असे मी लिहिले तर ते गोड वाटेल, पण खोटे ठरेल. वाटूरला आमची शेती होती, माझे बालपण ज्वारीत गेले होते, तरी मला चिमणी, कावळा आणि पोपट यांपलीकडे काही येत नव्हते. आणि उत्तमरावांनाही येत नव्हते. पहिल्या हिवाळ्यात भोरड्यांचा थवा धुरासारखा वळत शिवारावर आला, तेव्हा ते बांधावर मटकन बसले.

“भाऊ, ह्ये आमच्या गावात दर साली येतेत?”

“दर साली.”

“मंग मी काहून न्हाई पाह्यले कव्हा?”

उत्तर त्यांचे त्यांनाच सापडले. दसरा झाला की त्यांचे आईबाप कोयते घेऊन ऊसतोडीला जात आणि पोराला बरोबर नेत. पुढे लग्न झाल्यावर ते आणि शांताबाई जाऊ लागले. वैशाखात परत येत. “हे येतेत तव्हा आमी गेलेलो, आमी येतो तव्हा हे गेलेले,” ते म्हणाले. “एका गावचे असून वळख न्हाई.”

या नोकरीमुळे त्यांचे दोन हिवाळे गावात गेले होते. आमच्या केंद्रावर क्षेत्र सहायकाची एक कायम जागा रिकामी होती. वरिष्ठ अधिकारी तपासणीला येतील, काम पाहतील आणि त्यांच्या शिफारशीवर ती भरली जाईल, असे कळवण्यात आले होते. ती जागा मिळाली तर कोयता कायमचा सुटणार होता. शांताबाईंनी मला पहिल्यांदा चहा दिला, त्या दिवशीच हे स्वच्छ सांगितले.

“साहेब, ह्यांना तेवढं कायम करा. दोन पोरी सासूपाशी ठून जायला लागतं. धाकटी मागल्या साली मला मावशी म्हनून राह्यल्ती.”

“तिला आता कळतंय गं,” उत्तमराव म्हणाले.

“आता मी हितं हाये म्हनून कळतंय.”

मी म्हणालो, “होईल वहिनी. नक्की होईल.” आश्वासन देताना किती सुखावलो होतो, तेही मला आठवते.

शिवारात आमचा एक रिवाज होता. दुर्बीण एकच, त्यामुळे एकाने पाहायचे, नाव सांगायचे आणि दुसऱ्याला द्यायची. नाव चुकले तर दुसऱ्याने तिथल्या तिथे खोडायचे. मुरवत नाही, वय नाही, हुद्दा नाही. चुकीचे नाव कानात राहिले की पुढचे दहा पक्षी चुकतात, हा त्यामागचा विचार. आणि ज्याचे चुकेल त्याने पाण्याने भरलेली कापडी छागल खांद्याला लावायची. “छागल तुमची,” एवढेच म्हणायचे आणि ती देण्यासाठी हात पुढे करायचा. बहुतेक दिवस छागल माझ्या खांद्यावर असे. “भाऊ, तुमचं पुस्तक बराबर हाये, पण पाखरांनी वाचलेलं न्हाई,” असे म्हणत उत्तमराव ती माझ्या गळ्यात घालत. चार लोकांत ते मला ‘साहेब’ म्हणत. शिवारात दोघेच असलो की मी ‘भाऊ’ असे. छागलीमुळे हे शक्य झाले, असे मला वाटते. एकमेकांना निःसंकोच चुकीचे ठरवण्याइतकी बरोबरी त्या काळी आमच्यासारख्या दोघांना दुसरीकडे कुठे मिळाली असती, ठाऊक नाही.

शंका घेऊन येणारी गिऱ्हाइकेही आमच्या केंद्रावर असत. राजूरच्या वाटेवरचे आसारामबाबा एका चतुर्थीला गणपतीचे दर्शन करून तसेच आले. उपरण्यात एक मेलेला पक्षी गुंडाळलेला होता. तो ओट्यावर ठेवून म्हणाले, “ह्याला शिव्या देऊ का पाया पडू, तेवढं सांगा. मंग घरी जातो.”

तो भोवत्या होता: हिवाळ्यात येणारा, पिकावरून हातभर उंचीने तरंगत फिरणारा शिकारी पक्षी. बाबांना वाटले, कणसे हेरतोय. त्यांनी गोफणीने टिपला. पोट उघडले तर टोळांचे पाय आणि उंदराचा जबडा निघाला.

“बाबा,” उत्तमराव म्हणाले, “ह्यो तुमचा बिनपगारी राखणदार व्हता. तुमी त्यालाच गोफण हाणली.”

“मंग त्याने सांगावं ना. माह्या टकुऱ्यावर कशाला घिरट्या घालून राह्यल्ता?”

“राखण काय बसून करतेत?”

 बाबांनी पक्षी पुन्हा उपरण्यात घेतला. “बांधावर पुरतो,” म्हणाले. “नाव काय म्हनले? भोवत्या. बराबर. नाव कळलं की मानूस मारत न्हाई लवकर.”

त्यांचे हे वाक्य मी पुढे भाषणांतून अनेकदा वापरले. ते पूर्ण खरे नाही, हे मला नंतर कळले.

तपासणी माघात झाली. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, कणसे भरली होती. अधिकारी जीपमधून आले. बरोबर कार्यालयातले दोघे आणि गावचे सरपंच. अधिकारी वाईट गृहस्थ नव्हते. उन्हात हिंडायची त्यांची तयारी होती आणि उत्तमरावांशी ते मानाने बोलत होते. उत्तमरावांनी नवा सदरा घातला होता. त्याची घडी मोडलेली नव्हती आणि ते हात जपून हलवत होते. प्रश्नोत्तरे चांगली चालली. धोबी पक्षी कधी येतो, भोरड्या रात्री कुठे उतरतात, सुगरण पिलांना काय भरवते, सगळी उत्तरे नीट आली. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहून समाधानाने मान हलवली. मला आठवते, मी मनात शांताबाईंना सांगायचे वाक्य जुळवू लागलो होतो.

निघता निघता शाळूच्या कडेला पाखरांचा एक घोळका कणसांवर बसलेला दिसला. अधिकाऱ्यांनी सहज विचारले, “आणि या कोणत्या?”

“सुगरणी, साहेब,” उत्तमराव म्हणाले. “हिवाळ्यात नराचा पिवळा रंग जातो. म्हनून साऱ्या चिमणीवाणी दिसतेत.”

“वा. बरोबर. अगदी बरोबर,” अधिकारी म्हणाले, आणि बरोबरच्या लोकांना त्यांनी तेच पुन्हा समजावून सांगितले.

तेवढ्यात कडेच्या कणसावरचे एक पाखरू दाणा ओढायला पुढे वाकले. दुर्बीण माझ्या डोळ्यांवर होती. शेपटीखाली पिवळा रंग होता.

“नाही हो उत्तमराव,” मी म्हणालो. “भारीट. शेपटीखाली बघा.” आणि हात पुढे करून, हसून, म्हणालो, “छागल तुमची.”

 उत्तमरावांनी सवयीने छागल घेण्यासाठी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. अधिकाऱ्यांचा चेहरा उतरला. ज्याला ते ‘अगदी बरोबर’ म्हणाले होते, ते त्यांच्याच माणसाने चार लोकांसमोर खोडले होते. कार्यालयातल्या दोघांनी खाली पाहिले. त्यांच्या कानांना माझे वाक्य कसे ऐकू आले असेल, हे मला फार उशिरा उमगले: चुकलेल्या मजुराला साहेबाने पाणी वाहायला सांगितले.

सरपंच तेवढे हसले. “काय उत्तम, दोन साल पाखरंच पाहून राह्यला ना? का झाडाखाली झोपा काढल्या?”

“चुकलं, साहेब,” उत्तमराव अधिकाऱ्यांना म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.

जीप गेल्यावर आम्ही शिवारातून परत निघालो. मी बोलण्याचा प्रयत्न केला, तर त्यांनीच मला थांबवले. “तुमी बराबर व्हते भाऊ. पिवळं व्हतं. मला मागाहून दिसलं. घाई झाली माही.” दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचलो तेव्हा छागल भरून त्यांच्या खांद्यावर होती. मी ती मागितली. “रिवाज म्हंजे रिवाज,” ते म्हणाले आणि दिवसभर त्यांनी ती उतरवली नाही.

चैत्रात जागा भरली गेली. तालुक्याच्या कार्यालयातला एक माणूस आला. तोही गरजू होता, त्याच्याविषयी मला तक्रार नाही. मी स्वतः औरंगाबादला जाऊन अधिकाऱ्यांना भेटलो. उत्तमरावांचे काम, त्यांची नजर, ती चूक कोणाकडूनही कशी होऊ शकते, सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “प्राथमिक ओळख पक्की नाही, असं मी म्हटलं नव्हतं. तुम्ही म्हणालात.”

स्वतःचा बचाव करण्याचे एक साधन माझ्यापाशी होते आणि काही वर्षे मी ते वापरलेही. त्या सुमारास लोक विहिरींवरचे सुगरणीचे खोपे पलित्याने जाळत. पीक खाणारे थवे भारिटांचे असत आणि शिक्षा सुगरणीला होई, कारण पाहुणा निघून जातो आणि घर करून राहणारी सापडते. तपासणीत ‘सुगरणी’ असे नोंदले गेले असते तर खोपे जाळण्यावर सरकारी मोहोर उमटली असती; म्हणून मला बोलणे भाग होते, असे मी सांगत असे. युक्तिवाद निर्दोष आहे. फक्त तो मला त्या संध्याकाळी सुचला. बांधावर उभा असताना माझ्या मनात सुगरण नव्हती, खोपा नव्हता. बरोबर असण्याचा साधा, रोजचा आनंद होता.

आणि आमची बरोबरी? तीही मी नीट तपासली नव्हती. माझे नाव चुकले तर माझ्या खांद्यावर छागल येई. त्यांचे चुकले तर काय काय येऊ शकते, हा विचार शिवारात दोघेच असताना करावा लागत नसे. मी तो न करण्याची सवय लावून घेतली होती, आणि तिला मैत्री म्हणत होतो.

रोजंदारीही पुढे बंद झाली. दसऱ्यानंतर बौद्ध वस्तीसमोर बैलगाड्या जुंपल्या गेल्या. मी गेलो. पोरी आजीच्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. शांताबाई भांड्यांचे गाठोडे गाडीत बसवत होत्या. मी म्हणालो, “वहिनी, मी पुन्हा वर अर्ज करतोय. यावेळी स्वतः बोलतो.”

त्यांनी गाठोड्याची गाठ आवळली. “नका बोलू, साहेब. तुमी लई खरं बोलता.”

त्यात टोमणा नव्हता. त्या खरेच विनवत होत्या.

उत्तमराव दुसऱ्या बाजूने जुवाचा दोर तपासत होते. मला म्हणाले, “भारीट आले का हो भाऊ?”

“अजून नाहीत.”

“येतील. तुमी पाहा.” आणि गाड्या हलल्या.

त्या हिवाळ्यात मी एकट्याने पाहिले. भोरड्या आल्या, धोबी आले, भारीट आले. नवा सहायक आज्ञाधारक होता. मी सांगितलेले प्रत्येक नाव त्याला पटत असे. एकदा मी मुद्दाम चुकीचे नाव सांगितले. त्याने तेही मान हलवून स्वीकारले.

वैशाखात मंडळी परतली. मी वस्तीवर जायचे धैर्य गोळा करत होतो, तोच एका सकाळी उत्तमराव बांधावरून येताना दिसले. काळे पडले होते, गालफडे वर आली होती. थोडे पाण्यापावसाचे बोलणे झाले. मग माझे लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेले. तर्जनी वरच्या पेरापासून नव्हती.

“कोयता,” ते म्हणाले. “मान वर केल्ती.”

“कशाला?”

“पाखरू व्हतं. उसावरून गेलं.”

यानंतर मी जे बोललो ते आठवले की आजही अंगावर काटा येतो. बोट कापले गेलेल्या माणसाला मी विचारले, “कोणतं?”

पण ते दुखावले नाहीत. उलट, आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हलले. अगदी गंभीर चेहऱ्याने ते म्हणाले, “चातक.”

ऊसतोड हिवाळ्यात चालते. चातक मृगाच्या आगेमागे येतो आणि पावसाळा सरला की दिसेनासा होतो. हे शाळेतल्या पोराला ठाऊक असते. उत्तमरावांना तर पक्के ठाऊक होते, कारण चातकाच्या येण्याजाण्याचे दिवस आम्ही दोघांनी मिळून ताडून पाहिले होते. ते चुकलेले नव्हते. त्यांनी जाणूनबुजून चुकीचे नाव माझ्यापुढे ठेवले होते आणि माझ्या तोंडाकडे पाहत होते. ओठांचा कोपरा किंचित हलत होता. मी फक्त ‘नाही हो उत्तमराव’ म्हणायचे होते, आणि हात पुढे करायचा होता.

तो अर्थ मला तेव्हा कळला नाही. मला दिसत होते ते फक्त ते बोट. या माणसाला आयुष्यात पुन्हा चुकीचा ठरवायचे नाही, एवढेच माझ्या मनात होते.

“असेल,” मी म्हणालो. “बरोबर आहे.”

त्यांनी आणखी थोडी वाट पाहिली. मग टोपी नीट केली.

“येतो, साहेब,” ते म्हणाले.

बांधावर आमच्याखेरीज कोणी नव्हते.